पाणवठ्यावरच्या पाहुण्यांस

माननीय पाहुणे,

बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाटोदा तालुक्यातल्या आमच्या नायगाव मयूर अभयारण्यात आपण प्राणीगणनेला आलात, मचाणावर पायधूळ झाडलीत आणि सकाळी निघताना चौकीतल्या अभिप्रायाच्या वहीत दोन वाक्यं लिहून गेलात. ‘काहीच दिसलं नाही. सुधारणेला वाव आहे.’ खाली लफ्फेदार सही. वनरक्षकानं वही दाखवली तेव्हा तो हसत होता. त्याला पगार आहे, त्याला हसणं परवडतं. मी फुकटचा स्वयंसेवक, मला नुसता राग येतो.

सुधारणा नेमकी कुणात करायची तेही लिहायचं होतंत. मोरात? तरसात? की चंद्रात?

तुमच्या शेजारी बसून मी जो तक्ता भरला, त्यातलं ‘काहीच’ आपल्या माहितीसाठी कळवतो. दिवस कलताना मोर आले. वैशाखात मोराचा पिसारा पुरा असतो. पावसाळा सरता सरता तो गळून जातो. म्हणजे ज्या थाटात तो आपल्यासमोर उतरला, तो थाट दिवाळीत आला असतात तर बघायला मिळाला नसता. एवढं लांबलचक ओझं मागं सांभाळत तो पाण्यावर वाकतो, दोन घोट घेतो, मान वर करून चारी दिशा बघतो, पुन्हा वाकतो. आपण तेव्हा म्हणालात, “नुसते मोरच?” अहो, मयूर अभयारण्य आहे. वेशीवरच्या पाटीवर लिहिलंय. 1994 साली सरकारनं हा सुमारे 30 चौरस किलोमीटरचा डोंगराळ पट्टा राखून ठेवला तो मोरांसाठीच. दवाखान्यात जाऊन ‘नुसते पेशंटच?’ असं कुणी विचारत नाही.

अंधार पडल्यावर खोकड आलं. आपण त्याला कुत्रं म्हणालात. मग चिंकारा आली, मागं पाडस. चिंकारा पाल्यातल्या ओलाव्यावर बरेच दिवस काढू शकते. ती पाण्यावर येते याचा अर्थ पाल्यातही ओल उरलेली नाही. उघड्यावर यायला ती किती घाबरते, हे बघण्यासाठीच खरं तर मचाणावर बसायचं असतं. चार पावलं पुढं, दोन मागं. कान गरागरा फिरतायत. ती काठाला पोचली, मान खाली घातली आणि आपण बॅटरी मारलीत. “फोटो काळा येत होता” हे आपलं स्पष्टीकरण मी तक्त्यातल्या शेऱ्याच्या रकान्यात जसंच्या तसं उतरवलंय. ती न पिता गेली. बुजलेलं जनावर त्या रात्री पुन्हा येईलच असं नाही. ती आली नाही.

मध्यरात्रीनंतर तरस आलं होतं, तेव्हा आपण घोरत होतात. तरस सरळ पाण्यावर येत नाही. वाऱ्याच्या खालच्या अंगानं लांबचा वळसा घेतं, हुंगतं, थांबतं. अत्तर लावून येऊ नये ही सूचना छापील कागदावर तिसऱ्या क्रमांकाला होती. तरसानं आपलं अत्तर वाचलं आणि अर्ध्या वळशातूनच ते परतलं. त्याला वही दिली असती तर त्यानंही अभिप्राय लिहिला असता.

आणि वाघ. रात्री जेवणाचा डबा उघडता उघडता आपण वनरक्षकाला विचारलंत, “वाघ साधारण किती वाजता येतो?” ताडोब्याला आपल्या रिसॉर्टच्या व्हरांड्यासमोरच पाणवठा होता, चहाचा कप खाली ठेवायच्या आत वाघीण आली होती, हे आपण आम्हाला सांगितलंत, मग पुन्हा सांगितलंत, मग फोनवर दुसऱ्या कुणाला सांगितलंत. ताडोबा कोअर आणि बफर मिळून 1700 चौरस किलोमीटरच्या वर आहे. आमचं सगळं मिळून 30. वनरक्षक खाली मान घालून म्हणाला, “सायेब, वाघ न्हाई आपल्याकडं. पाणी हाय.” या माणसाला मी त्या रात्रीपासून मानतो.

तसा या बालाघाटाच्या डोंगरात वाघ येऊन गेलाय. 2024 च्या डिसेंबरात यवतमाळच्या टिपेश्वरचा एक नर सुमारे 500 किलोमीटर चालत शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात, येडशीच्या रामलिंग अभयारण्यात दाखल झाला. वनखात्याची पथकं महिनोन्‌महिने त्याच्या मागावर हिंडली. पण तो कुणाचा चहा व्हायची वाट बघत समोर येऊन बसला नाही. बिबट्याची हौस असेल तर आमच्या ऊसतोड मजुरांना भेटा. नगर-जुन्नरकडच्या फडात ऊस तोडताना ज्या बायांच्या पायाशी बछडी निघतात, त्यांना व्हरांडा नसतो.

हे सगळं मी गिळलं असतं. बॅटरी, अत्तर, चिवड्याच्या पुड्यांचा कुरकुरीत आवाज, सगळं. दरवर्षी कुणीतरी असतंच. पण पहाटे मचाणावरून उतरून चौकीपाशी चहा घेताना आपण जे बोललात ते माझ्या घशाखाली उतरेना. आपण उजाड माळाकडं बोट करून म्हणालात, “इथं एक लॉज निघायला पाहिजे. समोर पाणवठा, वर काचेची गॅलरी, खाली मंद दिवे. आजूबाजूला कुठंच पाणी नाही म्हणताय ना? मग तर बेस्ट. जनावरं आपोआप येतील.”

आपोआप येतील.

कल्पना आपली नाही, वाईट वाटून घेऊ नका. केनियात 1932 साली एका झाडावर ‘ट्रीटॉप्स’ नावाचं लॉज बांधलं, खाली पाणी आणि मीठ, वर पाहुणे. 1952 च्या फेब्रुवारीत इंग्लंडची राजकन्या एलिझाबेथ तिथं हत्ती-गेंडे बघत बसली होती आणि त्याच रात्री तिकडं तिचे वडील वारले. झाडावर राजकन्या म्हणून चढली ती राणी होऊन उतरली. आपण मात्र चढलात तसेच उतरलात. त्याच्याही आधी आपल्याकडचे संस्थानिक आणि साहेब उन्हाळ्यात पाण्यावरच मचाण बांधत. हाताशी कॅमेऱ्याऐवजी बंदूक. आटलेल्या रानात एकच डबकं धरून बसलं की शिकार पायानं चालत येते, हे गणित त्यांनाही ठाऊक होतं. चोरट्या शिकाऱ्यांना आजही आहे, ते पाण्यात युरिया कालवून बाजूला बसून राहतात. आपल्या गॅलरीत आणि त्यात फरक आहे, कबूल. आपण जनावर मारणार नाही. पण दोघांचं भांडवल एकच: त्याला दुसरीकडं जायला जागा नाही.

ज्या पाण्याकडं आपण रात्रभर दुर्बीण लावून बसला होतात, ते टँकरनं आणलेलं होतं. तो झरा नाही, ओढा नाही. उथळ सिमेंटचा खळगा, काठ उतरते, कारण पाडसं आत पडली तर बाहेर निघाली पाहिजेत. मार्च उजाडला की विंचरणा आटते, सौताड्याचा धबधबा म्हणजे नुसता काळा कडा उरतो, आणि रानातली जनावरं शिवारातल्या विहिरींकडं सरकतात. कठडा नसलेल्या विहिरींत ती पडतात. कोल्हे पडतात, ससे पडतात, लांडगेही पडतात. म्हणून ते पाणी तिथं ओतायचं. आपल्याला दाखवायला नव्हे. मचाण ही वर्षातून एका रात्रीची सोय आहे, तीही चंद्राचा उजेड आयता मिळतो आणि दुसरीकडं पाणी नसल्यानं जनावर टिपायला सोपं जातं म्हणून. शास्त्र म्हणूनही ही गणना आता फार कुणी मानत नाही. वाघ मोजायला 2006 पासून कॅमेरे आहेत. पण लोकांनी एक रात्र गप्प बसावं, एवढाच तिचा उपयोग उरला आहे. तोही आपण होऊ दिला नाहीत.

मे महिन्यात बीड जिल्ह्यात पाणी ठेवलं की कोणीही आपोआप येतं, साहेब. त्यासाठी चिंकारा असावं लागत नाही. 1972 साली दिल्लीत वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्याच साली आमच्याकडं बहात्तरचा दुष्काळ पडला. गावंच्या गावं खडी फोडायच्या कामावर आपोआप गेली. आपोआप रांगेत उभी राहिली, आपोआप सुकडी खाल्ली, अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी आपोआप गिळल्या. कित्येक पाझर तलाव त्या हातांनी खणले गेले, त्यांच्या गाळात आज हरणांच्या खुरांचे ठसे दिसतात. 2016 ला केज तालुक्यातलं धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. त्या उन्हाळ्यात आमच्याकडं कॅमेरे आले. काय कॅमेरे! टँकर आला की बाया-पोरं कळशा घेऊन धावणार, पाईपवरून भांडणं होणार, कुणी विहिरीच्या तळाशी उतरून वाटीनं पाणी भरणार, आणि वरून बरोबर उजेड साधून फोटो. बाईचा चेहरा, आजूबाजूला कोरडी भेग. बक्षिसं मिळतात असल्या फोटोंना. त्याच उन्हाळ्यात तेव्हाच्या जलसंधारणमंत्र्यांनी लातूर जिल्ह्यात मांजरेच्या कामावर सेल्फी काढला तर महाराष्ट्रभर गदारोळ उठला. तुम्ही तेच काचेआडून करायचं म्हणता, आणि त्याचं रात्रीचं भाडं लावायचं म्हणता.

आम्हाला कॅमेऱ्याच्या त्या बाजूला उभं राहून बघितलं जाणं काय असतं ते माहीत आहे. म्हणून चिडतोय. तुम्हाला तहान बघायची असेल तर बघा, पण तिला निसर्ग म्हणू नका. सलग उन्हाळ्यांत ओढे आटवले, रान चरवून टक्कल केलं, पाचशे-सातशे फुटांवर बोअर नेले, हे सगळं माणसांनी केलं. त्यात मीही आलो, माझं गावही आलं. मग उरलेल्या खळग्यापाशी दिवे लावून ‘वाइल्ड’ म्हणायचं? लाज वाटली पाहिजे, आणि ती टेरेसवर बसून सुद्धा वाटली पाहिजे.

जरा दम घेतो.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे, ती न सांगता राहवत नाही. चहा संपल्यावर आपला फोन वाजला. आपण बाजूला गेलात, पण आपला आवाज बाजूला जाणाऱ्यातला नाही, त्यामुळं ऐकू आलं. सोसायटीचा टँकर आला नव्हता. वाघोलीला की कुठं, तुमच्या तेराव्या मजल्यावर घरची मंडळी बादल्या मांडून बसली होती. “काल दोन यायला पाहिजे होते, एकच आला? त्याला म्हणावं रेट वाढवून देतो, पण आधी आमच्याकडं ये.” आपला चेहरा तेव्हा बघितला मी. रात्रभर मोबाईलच्या उजेडात जो दिसला तो हा नव्हता. चिंकारा काठापाशी येऊन थबकते ना, तेव्हा तिच्या मानेत जो ताण असतो, तो होता तिथं. मला वाईट वाटलं. दीड-दोन कोटींचं घर, आणि पाणी आमच्यासारखंच चाकावरून. तुम्ही खिडकीत उभं राहून रस्त्याकडं कान लावता, आम्ही ओट्यावर बसून लावतो. तुमच्या खिडकीसमोर अजून कुणी गॅलरी बांधली नाही, एवढंच.

फोन ठेवून आपण मला विचारलंत, “इकडं एकराचा भाव काय चाललाय?” तेव्हा मी उत्तर दिलं नाही, उद्धटपणा वाटला असेल. आता देतो. आपण बोट केलंत तो माळ वनखात्याचा आहे, तो कुणाच्या बापाला मिळणार नाही. त्याला लागून खालच्या अंगाला जे रान आहे, एक लिंब आणि पडकी विहीर असलेलं, ते माझ्या चुलतभावाचं. यंदा त्याची तूर हरणांनी खाल्ली, भुईमूग डुकरांनी उकरला. पंचनामा झाला. पैसे कधी येतील ते त्याला माहीत नाही आणि विचारायचंही त्यानं सोडून दिलंय. दसऱ्यानंतर तो बायकोला घेऊन ऊसतोडीला, कोयत्यावर जाणार. उचल अजून घेतलेली नाही, मुकादम दोनदा येऊन गेला.

आपलं कार्ड त्यानं चौकीतल्या टेबलावरून उचललंय. तो विकायला तयार आहे. भावही रास्त सांगेल, कारण त्याला तो सांगता येत नाही. म्हणून हे पत्र एवढ्या घाईनं लिहितोय. आपला फोन त्याला लागण्याच्या आधी ते आपल्याला मिळावं.

आपला,
मचाणावरचा शेजारी,
ता. पाटोदा, जि. बीड