दाराच्या सेन्सरला वायफाय कशाला?

स्मार्ट उपकरणांच्या खोक्यावर हल्ली हटकून छापलेलं असतं: ‘हब लागत नाही, थेट वायफायला जोडा.’ ही सोय कंपनीची आहे, गिऱ्हाइकाची नाही.

दाराचा सेन्सर घ्या. एक तुकडा चौकटीवर, चुंबक दारावर, आत सीआर २०३२ चा चपटा सेल. सांगायचं काय, तर दार उघडलं, दार लागलं. झिग्बी किंवा ब्लूटूथ लो एनर्जी या कमी विजेच्या रेडिओंवर हा निरोप हबकडे काही मिलिसेकंदांत जातो, सेन्सर परत झोपतो आणि सेल वर्षभर सहज टिकतो. वायफायवर आधी राउटरशी जोडणी, मग आयपी पत्ता, मग कंपनीच्या सर्व्हरशी सुरक्षित बोलणी, तेव्हा कुठे निरोप निघतो. तेवढ्या वेळात शंभर-दोनशे मिलिअँपिअर करंट ओढला जातो. चपट्या सेलला तो झेपत नाही, म्हणून मोठे सेल घाला आणि ते बदलत बसा. कॅमेऱ्याला वायफाय हवंच. झिग्बीच्या सेकंदाला २५० किलोबिटांत व्हिडिओ मावणार नाही. दाराला ते नको.

पण झिग्बी घेतलं की सुटलो, असंही नाही. झिग्बीच्या जाळ्यात विजेवरची उपकरणं एकमेकांचे निरोप पुढे पोचवतात, आणि आपल्या घरांत इथेच घोडं पेंड खातं. खोलीतून निघताना बोर्डावरचं बटण बंद करायची आपली सवय (चांगलीच सवय आहे, मोडू नये). बटण बंद, स्मार्ट बल्ब बंद, आणि त्याच्या भरवशावरचे सेन्सर मुके. त्यापेक्षा बोर्डाच्या आत बसणारं मॉड्यूल घ्यावं. बटण कसंही असलं तरी त्याची वीज चालू राहते.

सोसायटीत घरटी राउटर असतो, त्यामुळे २.४ गिगाहर्ट्झवर दाटी. वायफायचं ११ नंबरचं चॅनेल २४७३ मेगाहर्ट्झच्या आसपास संपतं आणि झिग्बीचं २५ नंबरचं २४७५ वर आहे. म्हणजे राउटर ११ वर आणि झिग्बी २५ वर ठेवलं तर दोघांची टक्कर टळते. हे एवढं बसवून देणारा इलेक्ट्रिशियन मिळाला तर त्याला सोडू नका. भिंती जाड असतील तर झेड-वेव्ह हा दुसरा रेडिओ बघा. भारतात ते ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं आणि विटांतून जास्त चांगलं पार होतं.

२०२२ मध्ये आलेल्या मॅटरच्या शिक्क्यावरही थांबू नका. तो उपकरणांची भाषा सांगतो. खाली थ्रेड (झिग्बीसारखंच कमी विजेचं जाळं) आहे की वायफाय, ते वेगळं वाचावं लागतं.

आणि रिव्हॉल्व विसरू नका. अमेरिकेतल्या या हबमध्ये एक सोडून अनेक रेडिओ होते. नेस्ट या स्मार्ट उपकरणांच्या कंपनीने ती कंपनी विकत घेतली, २०१६ मध्ये सेवा बंद केली आणि लोकांच्या घरातले धडधाकट हब निकामी झाले, कारण ते कंपनीच्या सर्व्हरच्या भरवशावर होते. तेव्हा दुकानात डेमो दाखवत असतील तर राउटरची इंटरनेटची वायर काढायला सांगा, मग दिवा लावून दाखवा म्हणा. नाही लागला तर पैसे देऊ नका.