उणे तीसचा आनंद

शिकागोच्या प्राथमिक शाळेतल्या बाई जानेवारीत हवामान खात्याइतक्याच बारकाईने आभाळ बघतात. फरक एवढाच, की खातं अंदाज वर्तवतं आणि बाई नवस बोलतात. पायजमा उलटा घालून झोपलं, उशीखाली चमचा ठेवला, संडासात बर्फाचे खडे टाकून पाणी सोडलं की दुसऱ्या दिवशी शाळा बंद राहते, ही तिकडच्या पोरांची जुनी श्रद्धा. मुलांना विज्ञान शिकवणाऱ्या बाईंचा तिच्यावर अर्थातच विश्वास नाही. पण चमचा ठेवायला काय जातंय? शिवाय २००७ साली न्यू जर्सीतल्या एका शाळकरी मुलाने सुट्टीची शक्यता टक्क्यांत सांगणारं गणित इंटरनेटवर मांडलं, तेव्हापासून बाईंच्या श्रद्धेला आकडेवारीचाही टेकू आहे. असा शिक्षक म्हणजे कामचुकारपणाचा नमुना, असं करदाते मानतात. मला तो आरोप टिकेलसा वाटत नाही. या बाई कामाला कंटाळलेल्या नसतात, रजेला कंटाळलेल्या असतात.

कारण आजारपणाची रजा काढणं हे तिथल्या शिक्षकाच्या नोकरीतलं सगळ्यात कष्टाचं काम आहे. आपल्या जागी येणाऱ्या बदली शिक्षकासाठी दिवसभराच्या तासांचा आराखडा लिहून ठेवावा लागतो. कोण कुठे बसतं, शेंगदाण्याची ॲलर्जी कोणाला, कोणत्या दोघांना शेजारी बसवलं तर त्या दिवशी शिकवणं विसरायचं, ‘पोट दुखतंय’ हे कोणाचं खरं धरायचं, हे सगळं रात्री अकरा वाजता, अंगात ताप असताना. बदली माणूस मिळालाच नाही तर शेजारच्या वर्गावरच्या बाईंचा मोकळा तास जातो आणि त्या ते जूनपर्यंत विसरत नाहीत. त्यापेक्षा खोकत खोकत शाळेत गेलेलं परवडतं. थंडीच्या सुट्टीला मात्र अर्ज नाही, आराखडा नाही, कोणाचे उपकार नाहीत. ३० जानेवारी २०१९चा बुधवार घ्या. ओहेअर विमानतळावर पारा उणे ३० अंश सेल्सिअसच्या खाली गेलेला, वारा धरला तर उणे ४५च्याही खाली. टपाल खात्याने इलिनॉयसकट अनेक राज्यांत बटवडा थांबवला, रुळांचे सांधे गोठू नयेत म्हणून रेल्वेने त्यांच्या कडेने गॅसच्या ज्वाळा पेटवल्या, आणि शहरातल्या सरकारी शाळा बुधवारी-गुरुवारी बंद राहिल्या. अख्खं शहर संकटात आणि बाईंच्या चेहऱ्यावर गौरी बसल्याचं तेज! वाटेल तेव्हा बाथरूमला जाता येतं, हा पहिला चमत्कार. वीस-पंचवीस पोरं वाऱ्यावर सोडून शाळेत ते जमत नाही. गरम जेवण बसून, घड्याळाकडे न बघता खाता येतं, हा दुसरा. तपासायच्या वह्यांचा गठ्ठा पिशवीतून निघून टेबलावर येतो, दिवसभर तिथे मानाने बसतो आणि संध्याकाळी पुन्हा पिशवीत जातो. कर्तव्याची जाणीव होती, याचा तेवढा पुरावा राहतो.

“उन्हाळ्यात दोन महिने असतात ना यांना?” हा आक्षेप तर ठरलेलाच. असतात, पण ती सुट्टी वर्षभर आधी कॅलेंडरवर छापलेली असते आणि छापलेली सुट्टी घरच्यांच्याही डोळ्यांत भरते. गॅरेज आवरणं, दातांचा डॉक्टर, सासूबाई, सगळं तिच्या नावावर आधीच लागलेलं असतं. अचानक मिळालेल्या बुधवारावर कोणाचाच हक्क सांगून झालेला नसतो. दुसरा आक्षेप म्हाताऱ्यांचा: आमच्या वेळी कोणी शाळा बंद करत नसे. त्यांच्या वेळचं माहीत नाही, पण २ फेब्रुवारी १९९६ला मिनेसोटातल्या टॉवर गावी पारा उणे ५१वर गेला, तेव्हा गव्हर्नर आर्नी कार्लसन यांनी राज्यभरातल्या शाळा बंद ठेवल्या होत्या. म्हणजे लाड आजचेच नाहीत. शिकागोच्या उपनगरांतले मराठी पालक याच सुरात डोंबिवलीच्या गुडघाभर पाण्यातून शाळेत गेल्याचं सांगतात. पाणी खरं, गुडघाही खरा. पण त्या पाण्याने कोणाचे कान झडत नव्हते. उणे ४५च्या वाऱ्यात उघड्या कातडीला दहा मिनिटांच्या आत हिमदंश होतो, आणि बसचं डिझेल घट्ट झालं की थांब्यावरचं पोर त्याहून जास्त वेळ उभं राहतं. आणि मुंबईत पावसाची सुट्टी कित्येकदा सकाळची शाळा भरल्यावर जाहीर होते, हे माहीत असलेल्यांनी आदल्या दिवशी जाहीर झालेल्या सुट्टीला नावं ठेवू नयेत.

राहिलं शिक्षणाचं नुकसान. इथे बाईंच्या बाजूने जोशुआ गुडमन हा अर्थतज्ज्ञ उभा आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या शाळांवरच्या त्याच्या २०१४च्या अभ्यासात बर्फामुळे शाळा बंद राहिल्याचा परीक्षेतल्या गुणांवर परिणाम दिसला नाही. एकेकट्या मुलाच्या गैरहजेरीचा दिसला. वर्गात रोज कोणी ना कोणी नसतं, त्याच्यासाठी धडा मागे न्यावा लागतो. सगळेच नसले की धडा नुसता एक दिवस पुढे सरकतो. रजेबद्दलचं बाईंचं म्हणणं याहून वेगळं नाही. मेरीलँडमधला आणखी एक अभ्यास मात्र उलटं सांगतो: जास्त बर्फाच्या वर्षी तिसरीची कमी मुलं उत्तीर्ण झाली. पण तिथे परीक्षा वसंतात व्हायची आणि बुडालेले दिवस भरून निघायचे ते जूनमध्ये, परीक्षेनंतर. त्यात थंडीपेक्षा वेळापत्रकाचा दोष मला जास्त दिसतो. खरा अवघड आक्षेप वेगळाच आहे. शिकागोच्या सरकारी शाळांत २०१४पासून सगळ्या मुलांना नाश्ता आणि जेवण फुकट मिळतं. शाळा बंद म्हणजे ते स्वयंपाकघरही बंद, आणि कित्येक घरांत त्याला पर्याय नसतो. हे बाईंना करदात्यांहून चांगलं ठाऊक असतं. त्यांच्या टेबलाच्या खणात बिस्किटं आणि जादा हातमोजे उगाच नसतात. यावर बाईंकडे उत्तर नाही, माझ्याकडेही नाही. पण मुलाचं पोट शाळेच्या घंटेवर अवलंबून असावं, ही व्यवस्था काही बाईंनी केलेली नाही.

ही सुट्टी फुकटचीही नसते. इलिनॉयच्या शालेय कॅलेंडरच्या शेपटीला पाच दिवस आपत्कालीन म्हणून आधीच जोडून ठेवलेले असतात. जानेवारीत उचललेला दिवस जूनमध्ये फेडावा लागतो. बाईंना हे कर्ज मान्य असतं, फेडायच्या दिवशी वर्गात चित्रपट लावता येतो म्हणून. बाईंना चिंता आहे ती निराळ्याच गोष्टीची. २०२०नंतर सुट्टी रद्द करून घरूनच वर्ग भरवायची टूम अनेक गावांत निघाली. न्यूयॉर्कने १३ फेब्रुवारी २०२४ला हिमवादळात तसं केलं आणि सकाळी अनेक मुलांना लॉगिनच होईना. असं काही झालं की शिकागोच्या बाई फार हळहळतात, आणि हळहळता हळहळता ती बातमी आपल्या मुख्याध्यापकांना पाठवून देतात.