मु. पो. कास्तेल्लो

वेनिस शहरातल्या घरांना नंबर घालणाऱ्या ऑस्ट्रियन अंमलदारसाहेबांस,

सा. न. वि. वि.

आपलं नाव मला माहीत नाही आणि आपण जाऊनही शतक उलटलं. त्यामुळे हे पत्र आपल्याला पोचायचं नाही. पण हातात पत्ता असूनही माणूस पोचत नाही, हे आपल्या कृपेने आम्ही नुकतंच अनुभवलं आहे. तेव्हा हिशोब बरोबर.

एकोणिसाव्या शतकात वेनिसवर आपल्या बादशहाचं राज्य होतं. कर गोळा करायचा, टपाल वाटायचं, माणसं पकडायची, तर घरांना नंबर हवेतच. साधा माणूस काय करेल? गल्लीचं नाव घेईल आणि त्या गल्लीतली घरं मोजेल. आपण शहराचे सहा सेस्तिएरे, म्हणजे सहा पेठा, घेतल्या आणि प्रत्येक पेठेत एकपासून मोजत सुटलात. बोळातून आत, चौकाला वळसा, पुलाच्या अलीकडे, मग पलीकडे. कास्तेल्लो पेठेत आकडा सहा हजारांच्या पुढे गेला. एवढ्यात आपल्याला कोणी चहालासुद्धा हाक मारली नाही?

आमच्या बुकिंगवर लिहिलं होतं : कास्तेल्लो, पाच हजार दोनशे अमुक. एवढंच. आम्ही चार मित्र, पाठीवर भरलेल्या सॅक, रात्रीचे साडेदहा आणि भुरभुर पाऊस. आमच्यातला एक सदाशिव पेठेतला. त्याने ऐटीत सांगितलं, ‘आमच्याकडे पण नंबर पेठेचाच असतो, रस्त्याचा नसतो. चला माझ्या मागून.’ त्याचं म्हणणं खरं आहे. फक्त सदाशिव पेठेत तो नंबर कोणी वाचत बसत नाही. तिथे कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारतात. तो आधी खेकसतो, मग सांगतो.

त्याच्या मागून गेलो. एका दारावर आपला आकडा दिसला, पांढऱ्यावर लाल, ठसठशीत, आमच्या नंबरच्या फक्त तीन घरं आधीचा. आम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या. पुढचं दार, त्याच्या पुढचं दार, आणि मग भिंत. भिंतीच्या डावीकडे एक बोळ, एका वेळी एकच माणूस जाईल असा. सॅक दोन्ही बाजूंना घासत होती. बोळाच्या टोकाला शेवाळलेल्या दोन पायऱ्या आणि त्यांच्याखाली थेट कालवा. फोनमधला निळा ठिपका आधीच पाण्यात उतरून आमची वाट बघत होता. समोरच्या काठावर दिवा होता, दार होतं, दारावर नंबरही होता, पण आमच्यापेक्षा चारशेने कमी. साहेब, मधली चारशे घरं आपण कुठे ठेवलीत?

बाकीच्या तक्रारी एका दमात सांगतो. चारशेहून जास्त पूल आणि जवळपास प्रत्येकाला पायऱ्या. एकाच नावाच्या गल्ल्या पेठोपेठी, त्यातही भट्टीच्या गल्ल्या, काल्ले देल फोर्नो, तर विचारू नका. रियाल्तो पुलाकडे नेणारे पिवळे बाण एकाच भिंतीवर दोन्ही दिशांना. दिवसापुरतं येणाऱ्यांकडून २०२४ पासून काही ठरावीक दिवशी प्रवेशशुल्क घेतात, ते मात्र आम्हाला माफ होतं, कारण शहरात आमच्या नावावर चार खाटा होत्या. त्या कुठे होत्या, ते आपल्याला ठाऊक.

पण खरं डोकं फिरलं ते वेगळ्याच गोष्टीने. विचारायला माणूसच नाही. भेटेल तो आमच्यासारखाच, हातात फोन आणि चेहरा हरवलेला. एका कोरियन जोडप्याने उलट आम्हालाच पत्ता विचारला. वर बघावं तर मजलेच्या मजले अंधारात, खाली दारांच्या कडेला किल्ल्या ठेवायच्या आकड्यांच्या डब्या, एकेका दाराशी तीन-तीन. १९५१ साली या जुन्या शहरात पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं राहत होती. आता पन्नास हजारही नाहीत, आणि २०२३ मध्ये पर्यटकांच्या खाटा रहिवाशांपेक्षा जास्त झाल्या. घरं विकली, भाड्याने लावली, म्हाताऱ्यांना पाण्यापलीकडे मेस्त्रेच्या ब्लॉकमध्ये धाडलं, आणि नगरपालिका दारात तिकीट फाडत बसली! अहो, हा पत्ता कागदावर चालतच नव्हता. तो पोस्टमनला, पाववाल्याला, समोरच्या खिडकीतल्या बाईला तोंडपाठ होता, म्हणून चालत होता. ती माणसं घालवली आणि नंबर ठेवले. हे शहर आहे की लॉजचं रजिस्टर?

आवाज चढला, माफ करा. हा राग आपल्यावरचा नाही. खरं तर त्या बोळात उभं असताना मला आपली थोडी दयाच आली. परक्या मुलखात नोकरी, हातात वही, मागे रंगाचा डबा घेतलेला पोऱ्या, आणि ज्यांच्या दारावर नंबर घालायचा ते लोक आपलं तोंड बघायला तयार नाहीत. सरळ रस्ता औषधालाही नाही. निम्म्या घरांना एक दार जमिनीवर, एक पाण्यात. कुठल्या साहेबाने आपल्याला इकडे पाठवलं असेल आणि तो स्वतः व्हिएन्नात शेकोटीशी बसून ‘अजून कास्तेल्लो झालं नाही का?’ असं विचारत असेल, ते दिसलं मला. मीही सरकारी कचेरीत काम करतो.

शेवटी एक आजीबाई भेटल्या. बाजाराची दोनचाकी पिशवी पुलाच्या एकेका पायरीवरून खाली उतरवत होत्या. आम्ही नंबर दाखवला. त्यांनी तो वाचलाच नाही. हाताने बाजूला सारून विचारलं, कोणाकडे जायचंय? आमच्याकडे नाव नव्हतं. त्या आमच्या सॅककडे बघून ‘आ’ म्हणाल्या, पिशवी आमच्या सदाशिव पेठेच्या हातात दिली आणि चालू लागल्या. दोन वळणं, एक कमान, आणि दार. आपला नंबर त्यावर होता, पत्र्याच्या पन्हाळीमागे अर्धा झाकलेला. आजीबाईंनी चार बोटं दाखवून, मग वरच्या खिडकीकडे बोट करून बरंच काही सांगितलं. त्यातलं आम्हाला इतकंच कळलं, की इथे पूर्वी चार भावंडं राहायची.

कळावे.

आपला,
एक पाहुणा

ता. क. : सान मार्को पेठेतला १ नंबर आपल्या यादीत दोजेच्या, म्हणजे वेनिसच्या जुन्या राज्यप्रमुखाच्या, राजवाड्याला आहे. शेवटचा दोजे १७९७ सालीच पायउतार झाला होता. हा एक पत्ता मात्र आम्हाला पहिल्या फटक्यात सापडला.