कुलूपबंद प्रेरणा

१५ ऑक्टोबर, डॉ. कलामांचा जन्मदिन. २०१५पासून महाराष्ट्रातल्या शाळांत हा वाचन प्रेरणा दिन. त्या दिवशी कितीतरी प्राथमिक शाळांत मुख्याध्यापकांच्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडतं, मुलांच्या हाती पुस्तकं येतात, फोटो निघतो, तो वर पाठवला जातो आणि पुस्तकं मोजून पुन्हा आत. (मोजणी मात्र चोख, पान फाटलं तर भरपाई कोण देणार?) वाटेल त्या संकटातून निसटणारा भा. रा. भागवतांचा फास्टर फेणेसुद्धा या कपाटातून सुटलेला नाही. पुस्तकं कोरी करकरीत, तपासणीत शेरा ‘उत्तम’. मग बैठकीत चिंता: हल्लीची मुलं वाचतच नाहीत हो, मोबाइल! गुरुजी, फाटू द्या पुस्तकं. आधी ती किल्ली चौथीतल्या एखाद्या पोरीकडे द्या.