सोळा-सतरा सेकंद आणि उरलेलं वर्ष

वऱ्हाडातल्या माणसाला घाई असते, असा आरोप आजवर कोणी केलेला नाही. आमच्याकडे फोनवर ‘निघालोच’ म्हणणारा अंघोळीला निघालेला असतो, आणि ‘हे काय, बडनेऱ्यात आहो’ म्हणणारा घरात चप्पल शोधत असतो. मूर्तिजापूरहून यवतमाळला आणि अचलपूरला जाणारी आमची शकुंतला मँचेस्टरला १९२१ साली बनलेल्या वाफेच्या इंजिनावर १९९४ पर्यंत धावत होती. ‘धावत’ हा शब्द रेल्वेचा. प्रवाशांनी तो कधी वापरल्याचं ऐकिवात नाही.

अशा मुलखात माझ्या भाच्याला चारशे दोन मीटर अंतर सगळ्यांच्या आधी कापायचं वेड लागलं. मी अमरावतीत, ताई अकोल्यात. एका रात्री तिचा फोन आला. “पोट्टं हातचं गेलं रे!”

“काय झालं? दारू?”

“दारू परवडली असती. यानं गाडीची मागची सीट काढून टाकली!”

गाडी म्हणजे भाऊजींची जुनी एस्टीम. १२९८ सीसीचं इंजिन, बाहेरून चांदीचा रंग, आतून भाऊजींच्या तंबाखूचा वास. भाऊजींनी ती आयुष्यभर साठच्या पुढे नेली नाही. मुलाने ती इतक्या वेगात न्यायची ठरवली की भाऊजींनी न वापरलेला सगळा वेग एकदम वसूल व्हावा.

ड्रॅग रेस हा प्रकार भाच्यानेच मला समजावला. दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या करायच्या. पुढे पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, सरळ पट्टी. वळण नाही, चढ नाही, ओव्हरटेक नाही. दिवा हिरवा झाला की सुटायचं. महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत लष्कराच्या धावपट्ट्या ओस पडल्या आणि पोरं रस्त्यांवर मरायला लागली, तेव्हा शहाण्या माणसांनी पोरांना त्या धावपट्ट्यांवर नेलं. वॉली पार्क्स नावाच्या गृहस्थाने १९५१ साली त्यासाठी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली. गाड्या मात्र रोजच्याच. सोमवारी ऑफिसला नेलेलीच गाडी रविवारी शर्यतीत उतरवायची, ही त्यातली खरी गंमत.

“किती वेळ चालते ही शर्यत?”

“आपली गाडी असली तर सोळा-सतरा सेकंद.”

“आणि मग?”

“मग काय, मामा? संपली.”

मी गप्प झालो. आमच्याकडे सोळा सेकंदांत सुपारीसुद्धा फुटत नाही.

अकोल्यातल्या गॅरेजचा मिस्त्री या विषयातला अधिकारी माणूस. त्याचं तत्त्वज्ञान साधं होतं. गाडीची ताकद वाढवायला पैसा लागतो, वजन कमी करायला फक्त पाना. त्यामुळे पैशाआधी पाना चालला. मागची सीट गेली. स्टेपनी, जॅक, कार्पेट, छताचं कापड, दारांच्या आतले पुठ्ठे, कप ठेवायची जागा, सगळं गेलं. शेवटी मिस्त्रीची नजर डॅशबोर्डवरच्या गजानन महाराजांवर गेली. तिथे ताई आडवी आली.

“महाराजांचं वजन करतं का रे, मुडद्या?”

महाराज राहिले. पुढे गाडी जिंकली तेव्हा श्रेय त्यांना गेलं आणि हरली तेव्हा मिस्त्रीला. ही वाटणी आमच्या घरात सगळ्यांना मान्य आहे.

वजन संपल्यावर ताकद आली. हवा आत घ्यायला शंकूच्या आकाराचा फिल्टर आणि धूर बाहेर टाकायला रुंद नळीचं एक्झॉस्ट. जेवढी हवा आत तेवढं पेट्रोल जळतं, आणि जेवढं जळतं तेवढी ताकद. इंजिनाचं शास्त्र एवढंच. अडचण अकोल्याच्या हवेची. मे महिन्यात पारा सत्तेचाळीसच्या आसपास गेला की हवा विरळ होते आणि इंजिनाच्या वाट्याला एका घोटात कमी ऑक्सिजन येतो. म्हणजे माणसाचं जे होतं तेच इंजिनाचंही होतं, दुपारी एकनंतर कोणाच्यानेच काही होत नाही. गाडीतलं सामान निघाल्यावर तिचा आवाजही बदलला. रिकाम्या पिंपात कोणी ज्वारी ओतत बसल्यासारखा तो अकोल्यापासून मूर्तिजापूरपर्यंत सोबतीला येई.

सगळ्यात मोठा पेच टायरांचा. एस्टीमला पुढची चाकं ओढतात. जोरात सुटताना, भाच्याच्या भाषेत ‘लाँच’ मारताना, गाडीचा भार मागे झुकतो, पुढची चाकं हलकी होतात आणि जागच्या जागी फिरत धूर काढतात. बघणाऱ्याला वाटतं काय जोर आहे! प्रत्यक्षात गाडी तिथेच असते. असे बरेच लोक मी नोकरीत पाहिले आहेत. मिस्त्रीचा उपाय होता, इंजिनाजवळ सरकीचं एक पोतं ठेवायचं. ज्या गाडीतून स्टेपनी वजनासाठी काढली, तिच्यात सरकी वजनासाठी भरायची, हा विचार पेलायला वऱ्हाडातच जन्मावं लागतं.

मी सरकारी माणूस. मला कायदा आठवला. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम म्हणतं की कंपनीने नोंदवलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल चालणार नाहीत. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही ते बजावलं. १८९ वं कलम रस्त्यावरच्या शर्यतीचं. पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे मी भाच्याला वाचून दाखवलं. त्याने शांतपणे विचारलं, “मामा, काळीपिवळीत ड्रायव्हरच्या उजव्या बाजूलाही माणूस बसतो, ते कंपनीच्या रचनेत आहे का?” मी पुस्तक मिटलं. तरी कर्णकर्कश नळी उतरवायला लावली आणि मूळ सायलेन्सर परत बसवून घेतला. बुलेटवाल्या पोरांचे फटाके सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून पोलीस त्यांच्यावरून रोडरोलर फिरवतात, हे त्यानेही पेपरात पाहिलं होतं. त्या फोटोत रोलरचा ड्रायव्हर नेहमी हसत असतो.

आता प्रश्न, पळवायची कुठे?

भाच्याचा डोळा राष्ट्रीय महामार्ग ५३ वर. तुम्हाला आठवत असेल, जून २०२२ मध्ये आमच्या या अमरावती-अकोला रस्त्याचं नाव गिनीज बुकात गेलं. लोणी ते माना, ३ जूनला सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी काम सुरू झालं आणि ७ जूनच्या संध्याकाळी पाचला संपलं. १०५ तास ३३ मिनिटांत एका पदराचा ७५ किलोमीटर डांबरी रस्ता, राबणारे हात ७२० जणांचे. आधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा, दहा दिवसांत सव्वापंचवीस किलोमीटर. त्या आठवड्यात आमच्या चौकात दोह्याविषयी जी कीव व्यक्त झाली, ती ऐकून एखाद्याला वाटावं, तिथले लोक फार आळशी. याच रस्त्याचे खड्डे मोजण्यात आमच्या पिढीचे मणके गेले, हे त्या आठवड्यात कोणालाच आठवलं नाही. वऱ्हाडी माणूस एकदा अभिमानाच्या गिअरमध्ये पडला की त्याला रिव्हर्स राहत नाही.

“मामा, वर्ल्ड रेकॉर्डचा रस्ता आहे आपला!”

“रेकॉर्ड रस्ता टाकणाऱ्यांचा आहे. तुझा नाही. आणि तिथे ४०२ मीटर रिकामे दाखव मला.”

त्याने खरंच पाहणी केली. पहिल्या शंभर मीटरमध्ये उलट्या बाजूने येणारा कापसाचा ट्रॅक्टर, दुसऱ्या शंभरात शेळ्या, तिसऱ्यात दुभाजक ओलांडणारं एक अख्खं कुटुंब, आणि चौथ्यात मोटरसायकल आडवी लावून फोनवर ‘निघालोच’ सांगणारे एक काका. हायवे बाद झाला. त्याबद्दल मी त्या काकांचा आजन्म ऋणी आहे.

मग शिवणीचं विमानतळ. अकोल्याची ही धावपट्टी १९४३ ची, म्हणजे ऐन महायुद्धातली. अमेरिकेतल्या पोरांच्या वाट्याला आल्या त्याच पिढीची. पट्टी आहे, नियमित विमान नाही आणि लांबी वाढवायची तर कृषी विद्यापीठाची जमीन लागते, म्हणून वर्षानुवर्षं चर्चा आहे. भाच्याचं म्हणणं, चर्चा चालू असेपर्यंत आम्हाला द्या. अर्ज कोणाकडे करायचा, याची चौकशी करण्यात त्याचा एक हिवाळा गेला. अमरावतीच्या बेलोऱ्याकडेही त्याचं लक्ष होतं. १६ एप्रिल २०२५ ला तिथून मुंबईचं विमान सुरू झालं. आम्ही पेढे वाटले. भाचा अकोल्यात सुतक पाळल्यासारखा बसला होता. “अजून एक पट्टी गेली,” म्हणाला.

शेवटी लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ भरते, तिथे जायचं ठरलं. अकोल्यापासून पाचशे किलोमीटरच्या वर प्रवास, चारशे दोन मीटरसाठी. मागची सीट नसल्याने बरोबर एकच माणूस जाऊ शकत होता. घरात सर्वात रिकामा मी. जॅक आणि स्टेपनी प्रवासापुरते परत आले. सरकीचं पोतं मी घरी ठेवायला लावलं. ताईने ठेचा, भाकरी आणि रात्रीसाठी पातोड्या दिल्या. मागे सीटच नसल्याने डबे जालन्यापर्यंत लोळत होते. त्यापुढे नुसती झाकणं लोळली.

तिथे लाखो-कोटींच्या गाड्या होत्या आणि आमची तंबाखूच्या वासाची एस्टीमही होती. गट इंजिनाप्रमाणे वेगवेगळे असतात, म्हणून लाज राहते. पण मला खरा साक्षात्कार झाला तो घड्याळाच्या नियमाने. हिरवा दिवा लागला की घड्याळ सुरू होतं असं मी समजत होतो. तसं नाही. जमिनीलगत एक प्रकाशकिरण असतो. तुमचं चाक तो किरण सोडून पुढे सरकतं तेव्हा तुमचं घड्याळ सुरू होतं. म्हणजे हिरवा दिवा लागल्यावर तुम्ही खिशातून पुडी काढली, मळली, गालात ठेवली आणि मग निघालात, तरी तुमची वेळ उत्तम येऊ शकते. शेजारचा तोवर जिंकून घरी गेलेला असतो, एवढंच. पण कागदावर वेळ तुमचीच भारी! माणूस निघेपर्यंत घड्याळही थांबतं, असा खेळ जगात असेल आणि तो आमच्यासाठी नसेल, हे मला पटेना.

भाचा नेमका तसाच हरला. दिवा हिरवा झाला, शेजारची गाडी गेली, आमची शांत. मग गेली ती मात्र जोरात. वेळ सोळाच्या पुढे, सतराच्या आत. शेजाऱ्यापेक्षा कागदावर कमी!

“काऊन थांबला होता बे?”

“मामा, महाराजांना नमस्कार करत होतो.”

परतीच्या पाचशे किलोमीटरमध्ये शर्यत परत परत झाली. नगरपर्यंत दोष हवेचा होता. लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरवर, अकोला तीनशेच्याही खाली, तेव्हा इंजिन गुदमरलं. संभाजीनगरपर्यंत तो टायरमधल्या हवेचा झाला. मेहकरला चहा घेताना पेट्रोलवर आला, आणि अकोल्यात शिरताना निष्कर्ष निघाला की खरं म्हणजे आपण जिंकलोच होतो. भाचा हे सगळं एका वहीत लिहून ठेवतो. एका पानावर वेळ, पुढच्या पाच पानांवर कारणं. वही पाहून माझ्या लक्षात आलं की हा खेळ सोळा सेकंदांचा नाहीच. सोळा सेकंद हे निमित्त. उरलेलं वर्ष त्यावर बोलण्यासाठी असतं, आणि बोलण्याच्या शर्यतीत आम्हाला हरवणारा अजून जन्मायचा आहे.

म्हणून मी त्याला तळेगाव दशासरला घेऊन गेलो. धामणगाव रेल्वे तालुक्यातलं हे गाव, शंकरपटासाठी, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीसाठी, विदर्भात नाव असलेलं. दाण म्हणजे धावायची सरळ पट्टी, बैलांची जोडी, मागे हलका छकडा, त्यावर टोकावर बसलेला धुरकरी आणि सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यापर्यंत मोजणारं घड्याळ. वळण नाही, चढ नाही. भाचा पाहतच राहिला. पाव मैलाची अक्कल अमेरिकेला सुचायच्या कितीतरी आधी आमच्या आजोबांनी पेरणी उरकून हेच केलं होतं, आणि पेरणी बुडवूनही केलं होतं.

या खेळालाही कायद्याचा लाल दिवा लागला होता. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली. १६ डिसेंबर २०२१ ला अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. आता चाबूक नाही, काठी नाही, टोचणी नाही, आणि अंतर हजार मीटरच्या आत. मधल्या वर्षांत जोड्या गोठ्यात उभ्या होत्या, पण गप्पा एक दिवस बंद पडल्या नाहीत. इथे बायकांचाही पट होतो. नऊवारीतल्या एका बाईने छकड्यावर उडी मारून जोडी अशी सोडली की भाच्याच्या तोंडून फक्त “लाँच!” एवढंच निघालं.

एका जोडीच्या मालकाशी त्याची गट्टी जमली. पिकलेल्या मिशा, डोक्यावर दुपट्टा. बैल दूध, बदाम आणि अंडी खातात असं कळल्यावर भाच्याला आपलं पेट्रोल एकदम स्वस्त वाटू लागलं. त्याने गाडीचं सगळं सांगितलं. फिल्टर, नळी, वजन, सरकी. सरकीपाशी म्हाताऱ्याने मान डोलावली.

“वजन कायचं काढता म्हणे?”

“मागची सीट.”

“आमी धुरकरीच हलका पाहतो. सीटच्या भानगडीत नाई पडत.”

मग त्यानेच विचारलं, “हारली त का करता?”

“कारण शोधतो, बाबा. हवा, टायर, पेट्रोल...”

“लय मेहनत हाय बाप्पा तुमची,” म्हातारा कळवळून म्हणाला. “आमची जोडी हारली त आमी सीधे घड्याळवाल्यासंग भांडतो.”

भाच्याने घाईघाईने खिशातून वही काढली.