यंत्राची कैफियत

18 जानेवारी 1982 रोजी ज्या गिरणगावाने संप पुकारला, त्याच परळ-लालबागच्या पट्ट्यातील गोदामांत आता विजेवरचा फोर्कलिफ्ट फिरतो. आणि या यंत्राचा विशेष असा की, कसलीही घोषणा न देता, मोर्चा न काढता, ते आपली तक्रार एका सांकेतिक आकड्यात नोंदवून जागच्या जागी स्वस्थ उभे राहते. चावी फिरवण्यापूर्वीच पेडल दाबले गेले, आसनाखालचा स्विच अडकला अथवा बॅटरीचे व्होल्टेज घसरले, की पडद्यावर आकडा उमटतो. मात्र तो लक्षण सांगतो, कारण नव्हे. व्होल्टेज कमी असल्याचा शेरा वाचताच वरिष्ठ मोटारीवर नियंत्रण ठेवणारा नवा, महागडा कंट्रोलर मागवण्याचे फर्मान काढतात, आणि दमट हवेत हिरवट-पांढरे क्षार साचलेले, भार असताना मल्टिमीटर लावला असता तर तत्काळ पकडले गेले असते असे बॅटरीचे सैल टर्मिनल निर्धास्त राहते. याहून लोकप्रिय तोडगा म्हणजे चावी बंद करून पुन्हा फिरवणे: आकडा पुसला जातो, प्रकरण दफ्तरदाखल होते, मंडळी चहाला जातात. परंतु अनेक कंट्रोलर जुन्या दोषांची नोंद आपल्या स्मरणात जपून ठेवतात आणि जाणकाराने दोष वाचणारे उपकरण जोडताच सारी कैफियत तारीखवार नसली तरी बिनचूक सादर करतात. तेव्हा तपास टर्मिनल, केबल आणि स्विच यांपासून सुरू करावा. खरेदीचे टिपण सर्वांत शेवटी लिहावे.