शटरखालची फट

वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यात रात्री एकेक गाळा बंद होतो. शटर जमिनीला टेकलं असं मालक धरून चालतो. ते टेकत नाही. एक पेन्सिल घ्या आणि खाली सरकवून बघा. जिथून पेन्सिल जाते तिथून लहान उंदीर जातो. फट अर्धा इंच असली तर मोठाही आत शिरतो. सकाळी मशीनच्या पॅनलमधल्या वायरी कुरतडलेल्या, पुठ्ठ्यांचा भुगा, कोपऱ्यात लेंड्या. मग आपण उठतो आणि दुकानातून औषध आणतो.

माझं भांडण या सवयीशी आहे.

मार्च २०१८ मध्ये मंत्रालयातले उंदीर थेट विधानसभेत गाजले. सात दिवसांत ३,१९,४०० उंदीर मारल्याचा हिशेब तेव्हाचे आमदार एकनाथ खडसे यांनी सभागृहात मांडला आणि त्यावर सवाल केला. खुलासा आला तो असा, की हा आकडा उंदरांचा नसून विषाच्या गोळ्यांचा आहे. पण फटी किती बुजवल्या? तो आकडा माझ्या कानावर आला नाही. गाळ्यातही आपला हिशेब असाच चालतो. उंदरीण तीन आठवड्यांत विते, एका वेताला पाच-सहा पिल्लं टाकते. आतले मेले की गटारातले त्यांच्या जागेवर येतात, कारण वाट उघडीच असते.

आणि विष कुठे टाकतो आपण? ज्या गाळ्यात कारागीर कोपऱ्यात भात शिजवतो आणि पोटमाळ्यावर झोपतो, तिथेच. झिंक फॉस्फाइड पोटातल्या आम्लात मिसळलं की विषारी वायू तयार होतो. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट यकृत निकामी करते. दोन्हींवर उतारा नाही. ब्रोमाडिओलोनच्या वड्यांवर ‘के’ जीवनसत्त्वाचा उतारा आहे, पण ती वडी खाल्लेला उंदीर मांजर खातं, गव्हाणी घुबड खातं. म्हणजे आपल्या बाजूने उंदीर मारणारेच आपण मारतो. चिकट पुठ्ठ्याचं तर नावही काढू नका. त्यावर जीव तासन् तास तडफडतो, आणि सकाळी तो उचलायचं काम मालक करत नाही, सगळ्यात लहान हेल्परच्या गळ्यात पडतं.

त्यापेक्षा साधा पिंजरा किंवा लाकडी चाप आणा. तो गाळ्याच्या मधोमध ठेवून उपयोग नाही, कारण उंदीर मिशा भिंतीला लावून पळतो. म्हणून चाप भिंतीला लागून, आमिषाचं तोंड भिंतीकडे. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. तीन-चार रात्री चाप न लावता नुसतं खायला ठेवा, मग लावा. आमिषाला सुक्या बोंबलाचा तुकडा. वसईत तो शोधावा लागत नाही.

पावसाळ्याची गोष्ट वेगळी, आणि खरी भीती तिथेच आहे. जुलै २०१८ मध्ये वसई, नालासोपारा, विरार पाण्याखाली होतं तेव्हा बिळं बुडाली आणि घुशी, उंदीर कोरड्या जागेच्या शोधात वर आले. त्यांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पाण्यात उतरतात आणि पायाच्या चिरेतून माणसात शिरतात. गाळ्यातलं पाणी अनवाणी कोण उपसतं, ते आपल्याला माहीत आहे. त्याला गमबूट द्या. पाण्यात उभ्या राहिलेल्या माणसाला ताप यायची वाट न बघता लगेच डॉक्टरकडे पाठवा. प्रतिबंधाची गोळी वेळेत घेतली तरच उपयोगी. लेंड्या कोरड्या झाडूने झाडायला लावू नका, आधी ब्लीचिंगच्या पाण्याने भिजवा.

आमच्या गाळ्यात आम्ही गेल्या मे महिन्यात शटरच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी ठोकली. नुसतं रबर लावलं असतं तर तेही कुरतडलं असतं. मोरीच्या तोंडावर लोखंडी जाळी बसवली, पाइपाभोवतीची भोकं सिमेंटने भरली, कारागिरांचा तांदूळ झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात गेला. एका रविवारचं काम. तिसऱ्या दिवशी सकाळी शटर उचलायच्या आधी मी खाली वाकून पाहिलं. पट्टीच्या बाहेर ताज्या लेंड्या होत्या. मग शटर वर केलं आणि बॅटरी घेऊन चारही भिंतींच्या कडा बघितल्या. आत एकही नव्हती.